अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राष्ट्राध्यक्षांना युद्धातून माघार जड का जाते?

राष्ट्राध्यक्ष दक्षिणेकडच्या राज्यातला असला की युद्धाच्या निर्णयात फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंय. पडतो, आणि तो सगळ्यात ठळक दिसतो माघारीच्या वेळी.

२०१६ साली ‘वर्ल्ड पॉलिटिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, दक्षिणेकडच्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात इतर देशांशी झालेल्या तंट्यांत बळाचा वापर होण्याची शक्यता दुप्पट होती, तंटे सरासरी दुप्पट काळ चालले आणि अमेरिकेचा विजय होण्याची शक्यता तिप्पट होती.

याचं एक स्पष्टीकरण गुराख्यांपाशी जातं. दक्षिणेत वसलेले अनेकजण उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमाभागातून आलेले, गुरं राखणारे. शेत कुणी उचलून नेत नाही, गुरं मात्र एका रात्रीत हाकून नेता येतात, आणि कायदा लांब. तिथे अपमान गिळला की लोक तुम्हाला लुबाडायला मोकळे. गुलामगिरीतून आलेली धाकाची सवयही यात धरायलाच हवी.

आता टेक्सासचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन पाहा. २७ मे १९६४ रोजी ते जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल यांच्याशी व्हिएतनामबद्दल फोनवर बोलले. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. दोघांनाही तिथे अडकण्याची धास्ती होती. तरीही जॉन्सन टेक्सासच्या एका जुन्या मित्राचा सल्ला सांगतात: लोक सगळं माफ करतील, दुबळेपणा नाही. त्यांनी आकडेवारी पुढे केली नाही, गावाकडची नजर पुढे केली. दहा आठवड्यांनी टोंकिनच्या आखाताचा ठराव, म्हणजे व्हिएतनाममध्ये बळ वापरायची राष्ट्राध्यक्षांना दिलेली मुभा, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला.

हे तपासताना बहुतेकजण जन्मगावावर फसतात. आयझेनहॉवर टेक्सासमध्ये जन्मले, पण वाढले कॅन्ससमध्ये; १९५४ साली व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या वेढ्यात फ्रेंचांच्या मदतीला त्यांनी सैन्य पाठवलं नाही. धाकटे बुश कनेक्टिकटमध्ये जन्मले, वाढले टेक्सासमधल्या मिडलंडला. विल्सन व्हर्जिनियात जन्मले, दक्षिणेतच वाढले, राजकारण मात्र न्यू जर्सीत केलं. त्यामुळे बालपण कुठे गेलं आणि मतं कुणाची मागितली, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा. मग प्रत्येक तंट्यात एकच क्षण शोधा: माघारीचा रस्ता उघडा असताना नेता कुणाशी बोलला, आणि कुणासमोर मान खाली जाईल याची त्याला भीती होती?

प्रांतावरून नेत्याचं भाकीत मात्र करू नका. जॉर्जियाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी इराणमधल्या अमेरिकी ओलिसांसाठी महिनोन्‌महिने वाटाघाटी केल्या, सुटकेची लष्करी मोहीम एप्रिल १९८० मध्ये काढली. आणि टोंकिनचा ठराव सिनेटमध्ये मांडून नेणारे आर्कान्सॉचे सिनेटर फुलब्राइट १९६६ साली त्याच युद्धाची जाहीर झडती घेत होते, दूरचित्रवाणीवर, सगळ्या देशासमोर.