क्लास न लावता, नुसतं करून बघत लिनक्सची कमांड लाइन शिकता येते का?

तुम्ही विचारलंय की आजवर फक्त विंडोज वापरलं, आता नोकरीत लिनक्सचे सर्व्हर आहेत, तर चुकतमाकत कमांड लाइन जमेल का, की मशीनची वाट लागेल?

जमेल. मी तशीच शिकलो. वाट लागायची भीती असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरं, आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम) उबुंटू हे लिनक्स टाका, स्नॅपशॉट घ्या, म्हणजे त्या मशीनची आहे तशी स्थिती जपून ठेवा, आणि मग खुशाल वाट लावा. स्नॅपशॉटवर परत गेलात की सगळं पहिल्यासारखं.

पण करून बघणं म्हणजे काहीबाही टाइप करत सुटणं नव्हे. एंटर दाबायच्या आधी काय होईल ते मनात ठरवा. अंदाज चुकला तर तिथेच थांबून का चुकला ते शोधा. उदाहरणार्थ, मध्ये स्पेस सोडून ‘घर भाडे’ नावाची फाइल करा आणि ‘आरएम घर भाडे’ असं द्या (आरएम, rm, ही फाइल पुसायची कमांड). दोन एरर येतील: ‘घर’ सापडत नाही, ‘भाडे’ सापडत नाही. कारण शेलने, म्हणजे आपण टाइप केलेली ओळ वाचून कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, स्पेसपाशी नावाचे दोन तुकडे करून आरएमला दिले. नाव अवतरणचिन्हांत घातलं की फाइल उडते.

स्टारचंही (*, म्हणजे ‘कुठलंही नाव’) तसंच. आरएमला स्टार दिसतच नाही. शेल आधीच त्या जागी फाइलींची नावं भरून मोकळा होतो. म्हणून पुसायच्या कमांडआधी ‘एको’ (echo, पुढे दिलेलं नुसतं स्क्रीनवर छापणारी कमांड) लावून बघायचं. काय काय उडणार होतं ते स्क्रीनवर येतं, उडत काहीच नाही. आरएमने गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडत नाही, तेव्हा ही सवय लावाच.

प्रयोगाला सगळ्यात सोयीचा पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारं | हे चिन्ह. 1973 साली डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी तो युनिक्समध्ये (लिनक्स जिच्या धर्तीवर बनलं ती जुनी सिस्टिम) आणला. एक कमांड चालवा, आउटपुट बघा, वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणा, शेवटी पाइप आणि पुढची कमांड जोडा. कुठे फिसकटलं ते लगेच कळतं.

मॅन पेजेस, म्हणजे ‘मॅन’ (man) आणि पुढे कमांडचं नाव दिलं की उघडणारी माहितीची पानं, रुक्ष असतात खरी. मी तळापासून वाचतो, कारण उदाहरणं असलीच तर बहुधा तिथेच असतात. बाहेर पडायला क्यू (q) दाबा.

नेटवर सापडलेली सुडोवाली (sudo, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालणारी) ओळ मात्र समजल्याशिवाय चिकटवू नका. आणि ऑफिसात सुरुवातीला लॉग (सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदी) बघायचं काम मागून घ्या. लेस (less, फाइल वाचायची कमांड) आणि ग्रेप (grep, फाइलीत मजकूर शोधायची) फाइलीला हात लावत नाहीत, त्यामुळे सीनियरही निर्धास्त असतात.