वकीलताईंना विचारा: हेगच्या कोर्टात उमेदवारी

प्रश्न: ताई, मी पाच वर्षांच्या लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर अशी इंटर्नशिप मिळाली आहे. स्टायपेंड नाही. बाबा तालुका कोर्टात वकील आहेत. ते म्हणतात, ‘कुलभूषण जाधवांची केस चालली तेच ना हे कोर्ट? कर्ज काढू, पण जा.’ माझी शाळा मराठी माध्यमाची. तिथे पहिल्याच दिवशी उघडी पडेन अशी भीती वाटते. काय तयारी करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर: तुझं मनापासून अभिनंदन. पण आधी कॅलेंडर काढ. सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, म्हणजे ९१ दिवस झाले. साध्या शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा) १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, आणि खोली लावायला तू दोन-चार दिवस आधी पोचणारच. तेव्हा कोणता व्हिसा लागेल ते कोर्टाकडूनच लेखी विचारून घे. एजंटाच्या तोंडी शब्दावर तिकीट काढू नकोस.

त्याहून मोठी अडचण कॉलेजची. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त चालत नाही. शिवाय परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी हवी. ऐन सत्रात तीन महिने गेलीस तर ती कुठून आणणार? मी तुझ्या जागी असते तर आजच हेगला मेल करून शेवटच्या परीक्षेनंतरची तारीख मागितली असती. नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज कर. नुकतीच पदवी घेतलेल्यांनाही तिथे अर्ज करता येतो.

बाबांचं मन मोठं आहे, पण बिनपगारी कामासाठी कर्ज काढू नये असं माझं ठाम मत आहे. तारीख पुढे गेली तर शिष्यवृत्त्या आणि ट्रस्ट धुंडाळायला वेळ मिळेल. आणि करार हातात आल्याशिवाय खोलीची अनामत पाठवू नकोस. जेवणाचं मात्र फार मनावर घेऊ नकोस. हेगमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामहून आलेल्या हिंदुस्थानी लोकांची मोठी वस्ती आहे, डाळ-मसाले सगळं मिळतं.

बाबांना हेही सांग, की जाधवांची केस चालली ती पीस पॅलेसमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. तिथे एक देश दुसऱ्या देशावर दावा लावतो. तुझं कोर्ट निराळं, हेगच्याच शेव्हेनिंगेन या समुद्रकाठच्या भागातल्या वाळूच्या टेकड्यांलगतचं. तिथे माणसांवर खटले चालतात: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे, आक्रमण. भारत त्याचा सदस्य नाही. १९९८ साली हे कोर्ट स्थापन करणाऱ्या करारावर रोममध्ये मतदान झालं, त्यात आपण तटस्थ राहिलो. ‘तुमचा देश का नाही?’ हे जेवणाच्या टेबलावर तुला हमखास विचारतील. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत नसणं, हे भारताचे तेव्हाचे मुख्य आक्षेप. ते निवेदन मुळातून वाच आणि तुला ते पटतं का, हे जाण्याआधी ठरव.

आता भीतीबद्दल. मी हेगला युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात बचाव पक्षाच्या एका चमूत उमेदवारी केली. (नव्वदच्या दशकातल्या युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीचं ते न्यायाधिकरण २०१७ अखेर बंद झालं.) सुरुवातीचे आठवडे मी फक्त तळटिपा तपासत होते. मसुद्यातलं एक वाक्य घ्यायचं, खाली दिलेलं साक्षीचं पान उघडायचं, आणि साक्षीदार खरंच तसं बोलला का ते बघायचं. निशाणी, म्हणजे पुराव्यात दाखल केलेला कागद, अभियोग पक्षाची असेल तर तिच्यावर ‘पी’, बचावाची असेल तर ‘डी’. एकदा मसुद्यात होतं, ‘साक्षीदाराने पाहिलं’. पान उघडलं, तर तो म्हणाला होता, शेजाऱ्याने पाहिलं आणि मला येऊन सांगितलं. तेवढ्यावरून अख्खा परिच्छेद नव्याने लिहावा लागला. खटला कोणता ते सांगणार नाही. गोपनीयतेच्या कागदावर सही केली होती, त्या शब्दाला मी आजही बांधील आहे. तूही ती सही करशील. मग घरच्यांशी फोनवरसुद्धा फायलीतलं अक्षर बोलू नकोस, साक्षीदारांचे जीव त्यावर अवलंबून असतात.

हे काम तुला अगदी परकं नाही. रोजनामा, निशाण्या, उलटतपासणीच्या नकला बाबांच्या टेबलावर तू पाहिल्या असशीलच. सुट्टीत त्यांची एखादी निकाली फाइल घे आणि निकालपत्रातलं प्रत्येक विधान कोणत्या साक्षीवर उभं आहे ते शोध. मग लुबांगा खटल्याचा २०१२चा निकाल घे. काँगोत मुलांना सैनिक म्हणून भरती केल्याबद्दल लुबांगावर चाललेला तो खटला, या न्यायालयाचा पहिला निकाल, कोर्टाच्या संकेतस्थळावर आहे. सगळा नको, दहा पानं पुरेत, पण तळटिपांसकट.

इंग्रजीचं एवढं ओझं घेऊ नकोस. तिथे कितीतरी जणांची ती दुसरी-तिसरी भाषा असते. साक्षी हेडफोनवर दुभाष्यांकडून ऐकल्या जातात, म्हणून वकिलांनाही सावकाश, छोट्या वाक्यांत बोलावं लागतं. तू तसंच बोल. काम हातात आलं की तीन गोष्टी विचारून घे: हे कोण वाचणार, कधीपर्यंत हवं आणि किती पानांत. उत्तर वहीत लिही, आणि शंका आली तर दुपारपर्यंत थांबू नकोस, लगेच उठून विचार.