कॉन्ट्राच्या पहिल्याच टप्प्यात तिन्ही जीव जातात, काय करू?

इंदूरच्या जेल रोडवरून आणलेल्या टीव्ही गेमवर तुम्ही नि मुलगा कॉन्ट्रा (धावत-गोळीबार करायचा व्हिडिओ गेम) खेळता, आणि पहिल्या टप्प्याच्या जंगलातच गारद होता असं म्हणताय. घरगुती आवृत्तीचं (१९८८) सांगतो.

एक गोळी लागली की जीव जातोच, शिवाय हातातली बंदूकही जाते. म्हणून ‘एस’वाली बंदूक मिळाली की जिवापाड जपा. पाच गोळ्या पंख्यासारख्या फाकून सुटतात, नेम धरायची कटकट नाही. ती असताना ‘एफ’ (आगीच्या गोळ्यांची बंदूक) दिसला तर अजिबात उचलू नका, एस जाईल! पाण्यात उभं राहून खालचं बटण दाबलं की गडी बुडी मारतो, गोळ्या वरून निघून जातात. पूल मात्र पायाखालीच फुटतो, तिथे रेंगाळायचं नाही.

तरी जमेना? सुरुवातीच्या पडद्यावर वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए आणि स्टार्ट ही बटणं याच क्रमाने दाबा. ३० जीव मिळतात. दोघं असाल तर स्टार्टआधी सिलेक्ट. लबाडी आहे, पण सगळेच करतात.

आणि तिसऱ्या टप्प्यात, धबधब्यावर, चिरंजीवांना आधी वर चढू देऊ नका. पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो.