राकसकोप जलाशयात बुडी मारणारा पक्षी लून आहे का?

नाही, तुम्ही पाहिलीत ती टिबुकली. बदकाच्या पिलाएवढी, शेपूट नसल्यासारखी गोल, गळा तांबूस आणि चोचीच्या मुळाशी पिवळसर ठिपका, हे तुमचं वर्णन तिलाच जुळतं. लून हा कॅनडा-अलास्काकडच्या थंड तळ्यांचा पक्षी. तो ६६ ते ९१ सें.मी. लांब, उन्हाळ्यात पाठीवर काळ्या-पांढऱ्या चौकटी, डोळा लालभडक. टिबुकली जेमतेम २५-२९ सें.मी. भरते. हिवाळ्यात तिचा तांबूस रंग जाऊन ती फिकट तपकिरी दिसते, तेव्हा गोंधळू नका.

पाणकावळाही बुडी मारतो, पण तो नंतर खुंटावर पंख पसरून वाळवत बसतो, चोचीला टोकाशी आकडा असतो.

टिबुकली बघायला सकाळी लवकर जा आणि काठावर अजिबात हलू नका. ती बुडाली की त्याच जागी नजर रोखू नका, बरीच लांब वर येते. पाणवनस्पतींचं तरंगतं घरटं दिसलं तर लांबूनच बघा, कृपा करून जवळ जाऊ नका. घरटं सोडताना ती अंडी ओल्या पानांनी झाकते. घाबरून झटकन निघाली तर ती उघडीच राहतात. पिलं आईच्या पाठीवर बसून फिरतात, ते तर चुकवूच नका!