विद्यार्थी कृतीचा रकाना

"मॅडम, मुलं माझं ऐकतच नाहीत. मला नाही वाटत मी शिक्षक होईन."

बी.एड.ची इंटर्नशिप सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतंच. कधी इतिहासवाला असतो, कधी गणितवाली. वाक्य तेच. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेत काढायचा काळ 20 आठवड्यांवर गेला आणि त्यातले 16 दुसऱ्या वर्षात आले. पूर्वी वर्षभरात सराव पाठ उरकून मंडळी मोकळी व्हायची. आता महिनोन्‌महिने त्याच शाळेत, त्याच पोरांसमोर उभं राहायचं. मला ही व्यवस्था पसंत आहे. पण तिच्यात लपायला जागा नाही, हेही खरं.

वैदेही (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) रसायनशास्त्रात बी.एस्सी. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, "खडू हातात घेतला की वर्ग चिडीचूप" अशी त्यांची ख्याती. हिच्या वाट्याला आलेली आठवी ब काही चिडीचूप होईना. आदल्या रात्री झोप नाही, सकाळी पोटात गोळा.

"कॉलेजात तर माझे पाठ छान व्हायचे हो!"

होणारच. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे कॉलेजातल्या छोट्या सराव पाठात, समोर आठ-दहा मैत्रिणी, पाठ सहा-सात मिनिटांचा, आणि प्रत्येकीला ठाऊक की पुढचा नंबर आपला. इतके गुणी विद्यार्थी कुठल्याच शाळेच्या पटावर नसतात.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. धीर दिला, श्वासाचे व्यायाम दिले. ती शहाण्या मुलीसारखी करत राहिली आणि फरक शून्य. तिसऱ्या भेटीला म्हटलं, पाठ टाचणाची, म्हणजे तासाच्या आराखड्याची, वही घेऊन ये.

वही देखणी होती. आखलेले रकाने, मोत्यासारखं अक्षर. शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन.

"विद्यार्थी कृतीच्या रकान्यातली ही उत्तरं कुणाची?"

"मीच लिहिलीत. अपेक्षित उत्तरं लिहावी लागतात."

"आणि काल मुलांनी काय उत्तर दिलं?"

तिचा चेहरा पडला. "लिटमसचा प्रश्न विचारला, तर मागच्या बाकावरचा एक उठून म्हणाला, टीचर, आईच्या पदरावर हळदीचा डाग होता, साबण लावल्यावर लाल झाला, तो का?"

"मग?"

"मी म्हटलं, खाली बस, मध्येच बोलू नकोस. सगळा वर्ग हसला. आणि मागे सर निरीक्षणाला बसलेले!"

"तुला उत्तर येत नव्हतं?"

"येत होतं की! लिटमससारखी हळदसुद्धा आम्ल की आम्लारी ते रंगावरून सांगणारा दर्शकच आहे, साबणासारख्या आम्लारीधर्मी पदार्थात लाल होते. पण ते टाचणात पुढच्या तासाला होतं."

मी काही बोलले नाही. ती वहीकडे बघत राहिली, बोटानं तो रकाना वरून खाली चाचपत. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तो ऐकत होता, मॅडम. मीच ऐकत नव्हते."

हे वाक्य मी तिच्या तोंडात घातलेलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. इतक्या वर्षांत योग्य वेळी गप्प बसणं एवढी एक गोष्ट मला नीट जमू लागली आहे.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वळणाची. प्रसंगापेक्षा आपण प्रसंगावर लादलेला हट्ट जास्त छळतो, असं त्याचं म्हणणं. मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो: 'च'. मुलांनी शांत बसलंच पाहिजे. सरांसमोर पाठ रंगलाच पाहिजे. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला आलंच पाहिजे. वैदेहीकडून अशी सात वाक्यं लिहून घेतली आणि 'च' खोडून पुन्हा वाचायला लावली. "मुलांनी शांत बसावं असं मला वाटतं." वाटू दे की. त्यात गैर काही नाही, आणि ती नाही बसली तर आभाळही कोसळत नाही.

मग दोन कामं दिली. टाचणाच्या त्या रकान्यात अपेक्षित उत्तराखाली थोडी जागा कोरी सोडायची. आणि आठवड्यातून एकदा तरी वर्गात म्हणायचं, "मला माहीत नाही, उद्या सांगते." दुसऱ्या कामाला ती जास्त घाबरली. शेवटी जास्वंदीच्या पाण्यानं वाचवलं. ते खाण्याच्या सोड्यात हिरवट का होतं, असं एकीनं विचारलं आणि हिला खरंच नेमकं सांगता येईना. म्हणाली ते वाक्य. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिघी जणी विचारायला आल्या, "टीचर, सापडलं का?"

तुमचंही असंच होत असेल, तर आवाज चढवण्याआधी मुलांची नावं पाठ करा. "ए, तू" म्हटलेलं पोर ऐकत नाही, त्यात त्याचं काय चुकलं? पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांच्या तासाला मागे बसून फक्त मुलांकडे बघा. ऑफ तासाला, म्हणजे शिक्षक आलेले नसताना, कुठल्याही वर्गावर पाठवतात, तिथल्या गोंधळावरून स्वतःला जोखू नका. त्या तासाला जुन्याजाणत्यांचाही घाम निघतो. निरीक्षण पत्रकावरचा शेरा त्या 35 मिनिटांच्या तासिकेचा असतो, तुमचा नव्हे. झोप आणि भूक दोन आठवडे उडाली असेल, तर मात्र थांबू नका, कुणाला तरी भेटा. आणि सगळं करूनही वर्ग नकोसाच वाटला, तर तेही ऐकून घ्या. माझ्याकडचे दोघे जण हे ओळखून वेगळ्या वाटेनं गेले. सुखात आहेत.

वैदेहीच्या पुढच्या पाठावर लाल शेरा पडला: "विद्यार्थी कृती अपुरी." गुण कापले गेले. वही दाखवायला आली तेव्हा सोडलेल्या कोऱ्या जागा भरलेल्या होत्या, तास संपल्यावर, पेन्सिलीनं, मुलं जे बोलली ते जसंच्या तसं. हळदवाल्याची ओळ सगळ्यात खाली होती: "लिंबू चोळल्यावर डाग परत पिवळा झाला. आई म्हणाली, तुझ्या टीचरला विचार, आता हा पिवळा कसा काढायचा."