कमी उलाढालीचा शेअर, रोजचं अप्पर सर्किट आणि सेबीची नोटीस

प्रश्न : वडिलांच्या पश्चात एका छोट्या कंपनीचे दोन हजार शेअर्स माझ्या नावावर झाले. वर्षानुवर्षं त्यात सौदेच होत नव्हते. मग अचानक रोज अप्पर सर्किट लागू लागलं, म्हणजे भाव दिवसाच्या कमाल मर्यादेपर्यंत चढू लागला. ओळखीच्या सब-ब्रोकरने सांगितलं तसे मी रोज पाच-दहा शेअर्स वरच्या भावाला विकत गेले. आता सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची, कारणे दाखवा नोटीस आली आहे. माझ्या सौद्यांमुळे भाव कृत्रिमरीत्या चढला, असं त्यात म्हटलं आहे. भाव का वाढला हे मला आजही माहीत नाही. उत्तर काय देऊ?

उत्तर : ताई, भाव का वाढला याचा खुलासा तुम्ही करत बसू नका. तो तुम्हाला ठाऊक नाही, आणि अंदाजाने लिहिलेलं एखादं वाक्य पुढे तुमच्याच विरोधात वाचलं जाईल. तुम्ही का विकले, कसे विकले आणि कोणाच्या सांगण्यावरून विकले, एवढंच उत्तरात यायला हवं.

आरोप समजून घ्या. समजा शेवटचा सौदा 40 रुपयांना झाला आहे आणि विकणारं दुसरं कोणी नाही. तुम्ही पाच शेअर्स 42 ला लावले, समोरच्याने उचलले. 210 रुपयांच्या सौद्याने सगळ्या कंपनीचा भाव 5 टक्क्यांनी चढला. दुसऱ्या दिवशी 44.10. असं महिनाभर चाललं तर कंपनीत काहीही न घडता भाव कुठल्या कुठे जातो. नोटिशीत ‘एलटीपी’ (शेवटच्या सौद्याचा भाव) म्हणून जो तक्ता दिलेला असतो, तो याच चढाचा हिशेब असतो.

पण भाव उसळला म्हणजे लबाडी झालीच, असं नाही. 29 ऑक्टोबर 2024 रोजी एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा शेअर 3.53 रुपयांवरून एका दिवसात सव्वादोन लाखांच्या वर गेला. कंपनीकडे एशियन पेंट्सचे शेअर्स होते, त्यांच्या मानाने जुना भाव नगण्य होता आणि एक्स्चेंजनेच खास लिलाव ठेवून खरा भाव शोधला. तिथे चढाला कारण होतं आणि ते सर्वांना दिसत होतं.

तुमच्यावर 2003 च्या फसव्या व्यवहारांविषयीच्या नियमांखाली आरोप असणार. सेबी कायद्याच्या कलम 15एचए प्रमाणे दंड किमान 5 लाख. कमाल 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतली मोठी रक्कम. संगनमताचा थेट पुरावा लागतोच असं नाही. किशोर अजमेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं की शेअरची उलाढाल किती, ऑर्डरींच्या वेळा किती जुळतात, सौदे किती वेळा झाले, अशा परिस्थितीवरूनही निष्कर्ष काढता येतो.

तुमची कमकुवत बाजू इथेच आहे, ती मी झाकून ठेवणार नाही. हातात दोन हजार शेअर्स असताना रोज पाचच का? त्या दिवशी वरच्या भावाला शेकडो शेअर्सची मागणी उभी असेल, तर या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. मागणीच पाच-दहाची असेल, तर तुमचं वागणं स्वाभाविक ठरतं. म्हणून त्या दिवसांचा ऑर्डर लॉग आणि ट्रेड लॉग, म्हणजे लावलेल्या ऑर्डरींची आणि झालेल्या सौद्यांची नोंद, सेबीकडे लेखी मागा. खरेदीदार कोण होते आणि त्यांच्याशी तुमचा संबंध कशावरून जोडला, फोनवरून, पत्त्यावरून की बँकेच्या व्यवहारावरून, हेही मागा. आरोपाशी संबंधित तपास सामग्री नोटीसधारकाला मिळाली पाहिजे, असं टाकानो प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. खरेदीदारांशी कसलाच दुवा निघाला नाही, तर आरोपाचा कणाच मोडतो.

आता सब-ब्रोकर. ऑर्डर तुम्ही स्वतः टाकत होतात, की ओटीपी त्याला सांगत होतात? विक्रीचे पैसे पूर्ण तुमच्याच खात्यात राहिले, की त्यातला काही वाटा त्याला गेला? याची उत्तरं खरी द्या, अडचणीची असली तरी. त्याने तुमचं खातं वापरलं असेल, तर पहिल्याच उत्तरात लिहा. सुनावणीत ऐनवेळी सांगितलेली गोष्ट बनावट वाटते. त्याला फोन करून ‘आपण काय सांगायचं’ हे मात्र मुळीच ठरवू नका. जुने मेसेज पुसू नका.

मुदत चुकवू नका. कागद मिळेपर्यंत वेळ हवा असेल तर तो मुदतीच्या आत लेखी मागा. सेबीशी तडजोडीचा अर्ज करायचा झाला तर नोटीस मिळाल्यापासून 60 दिवसांत करावा लागतो. निकाल विरुद्ध गेला तर सॅटमध्ये, म्हणजे सेबीच्या आदेशांवर अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, अपिलाला 45 दिवस मिळतात. उरलेले शेअर्स सध्या विकू नका, आणि खात्यावर अंतरिम मनाई आहे का ते नोटिशीत तपासा.

वकिलाकडे जाताना वारसाहक्काने शेअर्स नावावर झाल्याचे कागद, डिमॅटचे उतारे, काँट्रॅक्ट नोट्स (ब्रोकरने दिलेल्या सौद्यांच्या पावत्या), बँक पासबुक आणि त्या काळातले सब-ब्रोकरचे मेसेज न्या. शेअर्स बाजारातून न घेता वडिलांकडून आले, हा तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. उत्तराची सुरुवात तिथूनच करा.