भंडारदऱ्याला पहिल्यांदाच जाताय?

जरूर जा, पण धबधबे आणि सांदण दरी एकाच फेरीत बसवू नका. नवखे हमखास इथेच चुकतात. सांदण म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ. पावसाळ्यात वरचं पाणी तिच्यातूनच वाहतं, बाजूला पळायला जागा नसते. तिथे डिसेंबरनंतर, दरीजवळच्या साम्रद गावचा वाटाड्या घेऊनच उतरा.

जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर:
- रंधा धबधबा कठड्याच्या आतूनच बघा. फोटोसाठी ओल्या खडकावर पाय नको, शेवाळ दिसत नाही.
- अंब्रेला फॉल भंडारदऱ्याच्या विल्सन धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो. आधी गावात विचारा.
- शनिवार-रविवार टाळा.

जलाशयाकाठाने रतनवाडीला मात्र जाच. अमृतेश्वराच्या देवळापाशी तासभर निवांत बसा, त्यापायी एखादा धबधबा राहिला तरी चालेल.